तात्यांसाठी घेतलेला टॅब

तेजश्री खोटं बोलणारी बाई नव्हे. बारामतीच्या एका खाजगी दवाखान्यात ती सोळा वर्षं सिस्टर आहे, आणि पेशंटचा ताप एकशे दोन असला तर ती एकशे दोनच लिहिते, डॉक्टरांनी कितीही डोळे वटारले तरी. पण त्या आषाढात तिनं आपल्या सख्ख्या बापाला एक थाप मारली. आणि अशी थाप मारली की पुढचे तीन महिने तिला भाकरी गोड लागली नाही.

तिचे वडील भानुदास. अख्खं लासुर्णं गाव त्यांना तात्या म्हणतं. दर वर्षावासात बुद्धविहारात धम्माचा ग्रंथ वाचायचा तो तात्यांनीच. आषाढी पौर्णिमेला ग्रंथ उघडायचा आणि अश्विन पौर्णिमेला मिटायचा. मधले तीन महिने रोज संध्याकाळी सात वाजता, पांढरा सदरा घालून, तासभर. कारखान्यात नोकरीला होते तेव्हा सेकंड शिफ्ट आली तर कुणाच्या तरी हातापाया पडून बदलून घ्यायचे, पण बावीस वर्षांत त्यांनी एक संध्याकाळ चुकवली नाही. ते वाचायला लागले की पोरंसोरंसुद्धा गप बसायची. त्यांच्या जागेवर बसावं असं गावात दुसऱ्या कुणाला कधी वाटलंच नाही.

मग डोळ्यांनी दगा दिला. ओळ मधेच वाकडी दिसायची, अक्षरं निसटायची, डोळ्यांतून पाणी यायचं. इंदापूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून तेजश्रीला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "गेलेली नजर परत यायची नाही. आहे ती जपा. वाचायचंच असेल तर अक्षरं मोठी हवीत आणि चकाकणारी काच नको."

परत येताना एसटीत तात्यांनी तिकीट डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. मग म्हणाले, "तेजा, मी तुझ्याकडं कवा काय मागितलंय का?"

"न्हाई तात्या."

"त्ये अक्षरं मोठी करून वाचायचं यंत्र मिळतं म्हणत्यात. तेवढं बघ. यंदाचा वर्षावास हातचा जाऊ नये बघ."

एवढंच मागणं. पण तेजश्री पडली सिस्टर. चार गोष्टी पडताळून बघितल्याशिवाय ती इंजेक्शनचं झाकणसुद्धा काढत नाही. तिनं औषध कंपनीचं एक पॅड घेतलं, मधोमध रेघ मारली, एका बाजूला लिहिलं ई-रीडर, दुसऱ्या बाजूला टॅब, आणि महिनाभर दोन्हीकडं भरत बसली. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून तिची जेवणाची सुट्टी संपायची. ई-रीडर हलका, पंधरा-पंधरा दिवस चार्जिंगची कटकट नाही, कागदासारखा दिसतो, उन्हातही वाचता येतो. पण काळापांढरा, आणि पुस्तकं सोडली तर त्यावर दुसरं काही धड होत नाही. टॅब मोठा, रंगीत, त्यावर जगातलं सगळं होतं. पण वजन अर्धा किलो, रोज चार्ज करा, आणि काच अशी चकचकीत की त्यात बघून भांग पाडावा. किमतीत पाचशे-हजाराचा फरक. म्हणजे पैशाचं कारण पुढं करायची सोयच नव्हती.

दवाखान्यात एक्स-रे काढणाऱ्या रविराजकडं ई-रीडर होता. तो तिनं एका रविवारी मागून घेतला, त्याच्याकडूनच ग्रंथ त्यात भरून घेतला आणि लासुर्ण्याला नेला. तात्या ओट्यावर बसले. तिनं अक्षरं बोराएवढी केली. तात्यांनी आधी भीत भीत दोन ओळी वाचल्या, मग पान वाचलं, मग चहा निवला तरी मान वर केली नाही. तासाभरानं त्यांनी डोळ्यांना हात लावून बघितला. कोरडे होते. "छापल्यालं असल्यागत दिसतंय गं," ते म्हणाले आणि लहान पोरासारखे हसले. तेजश्रीची आई रंगुबाई दारात उभी राहून नवऱ्याकडं बघत होती. आता सांगा, यानंतर पॅड आणि रेघ कशाला हवी होती? निकाल लागलेला होता.

पण घरी संस्कृती होती. तेजश्रीची लेक, यंदा नववीला गेलेली. क्लासचे सगळे व्हिडिओ आईच्या मोबाईलवर यायचे आणि आई मोबाईल घेऊन ड्युटीवर. पोरगी भांडखोर नव्हती, तेच वाईट होतं. "मम्मी, तू आल्यावर बघीन," म्हणायची, आणि मम्मी रात्रपाळी करून आली की तिला उठवायला नको म्हणून पुस्तक घेऊन गप बसायची. वर्गातल्या बाकीच्या पोरींकडं टॅब होते.

तेजश्री भिगवण रोडवरच्या दुकानात नुसती बघायला म्हणून गेली. दुकानात ई-रीडर नव्हताच; तो घरबसल्या मागवायचा असतो हे तिला चांगलं ठाऊक होतं. दुकानदार रणजित म्हणाला, "ताई, नुसती पुस्तकं वाचायला कोण येवढे पैसे घालतं? ह्यात पुस्तकंबी वाचा, पोरांचा अभ्यासबी करा." तिला हेच कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. वर्षावासाचे तीन महिने तात्यांकडं, मग उरलेले नऊ महिने संस्कृतीकडं, असा तिनं मनातल्या मनात हिशेब जमवला आणि टॅब घेतला. पुढची खटपट वाचावी म्हणून रणजितकडून तो तिथंच संस्कृतीच्या नावानं चालूही करून घेतला.

आषाढी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तिनं तो तात्यांच्या हातात ठेवला. तात्यांनी चाचपून बघितला. "ह्ये त्ये न्हवं," ते म्हणाले.

"तसलं आता मिळत न्हाई तात्या. कंपनीनं बंद केलं. हे त्याच्याहून भारी हाय."

 खरं म्हणजे तेव्हाच सांगून टाकायचं होतं. पण तात्या म्हणाले, "बरं बरं, लई खर्च केलास गं," आणि तिनं चार्जर कसा लावायचा ते दाखवायला घेतलं.

त्यानंतर तिनं लासुर्ण्याकडं जाणंच टाळलं. बारामतीहून तासाभराचा रस्ता, पण दर रविवारी तिला ड्युटी लागायची. लागली नाही तर ती मागून घ्यायची. फोनवर विचारायची, "वाचता येतंय न्हवं तात्या?" तात्या म्हणायचे, "एकदम झ्याक." ते ऐकून हायसं वाटायला हवं होतं. वाटायचं नाही. संस्कृती मात्र, टॅब नंतर तिला मिळणार म्हणून, कॅलेंडरवर अश्विन पौर्णिमा कधी ते बघून ठेवून बसली होती, आणि ते बघून तेजश्रीला आपलीच लाज वाटायची.

समारोपाला मात्र जावंच लागलं. लेक असून समारोपाला नाही म्हटल्यावर गाव काय म्हणेल? एसटीला उशीर झाला. ती विहारात पोचली तेव्हा वंदना होऊन वाचन सुरू झालं होतं. पुढच्या दारातून सगळ्यांसमोरून जायला नको म्हणून ती बाजूच्या दारानं शिरली, आणि नेमकी तात्यांच्या पाठीमागं उभी राहिली.

तात्यांचा आवाज तोच होता. खणखणीत, सावकाश, प्रत्येक शब्द सुटा. टॅब दोन्ही हातांत धरलेला. मधेच एका बोटानं ते पान उलटत होते. तेजश्रीला क्षणभर वाटलं, चला, आपण उगीच जिवाला घोर लावून घेतला. मग तिची नजर टॅबवर गेली.

टॅब बंद होता.

काळी काच, आणि त्या काचेत वरची ट्यूबलाइट. तात्या त्या काळ्या काचेवर बोट फिरवत होते आणि पाठ म्हणत होते. तेजश्री दाराची चौकट धरून उभी राहिली.

एका ओळीवर तात्या अडखळले. बोट थांबलं. विहार शांत झाला. तोच बायकांच्या पहिल्या रांगेतून सत्तरीच्या ठमाबाई आपल्याशीच बोलल्यासारख्या पुढचा शब्द बोलल्या, आणि तात्यांनी तो उचलून वाक्य पुरं केलं. ठमाबाईंच्या शेजारी रंगुबाई बसली होती. तिच्या मांडीवर पदराखाली ग्रंथ उघडा होता आणि तिचं बोट ओळीवर होतं. कुणी हसलं नाही. कुणी कुणाकडं बघितलंसुद्धा नाही. गेले तीन महिने हे रोज असंच चाललं असणार, हे तेजश्रीला तेव्हा कळलं. सगळ्या विहाराला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते तिला एकटीला.

वाचन संपलं, खीर वाटली. ठमाबाईंनी तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "लई चांगलं यंत्र दिलंस गं बापाला. लेक असावी तर अशी." तेजश्रीनं खिरीची वाटी खाली ठेवली.

घरी आल्यावर रंगुबाईनं काहीएक न लपवता सांगितलं. दहा मिनिटं वाचलं की तात्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं, काचेवर नुसता उजेड दिसायचा. मग रोज दुपारी चौथी शिकलेली रंगुबाई एकेक अक्षर लावत त्या दिवसाचा भाग वाचायची आणि तात्या तो पाठ करायचे. बावीस वर्षांचं वाचन होतं म्हणून जमलं. "नुस्ता ग्रंथ म्होरं ठेवून म्हणा म्हणलं, तर ऐकंनात," रंगुबाई म्हणाली. "लेकीनं आणलेलं हातात दिसाय नको का, म्हणायचे."

तात्या ओट्यावर बसले होते. तेजश्री त्यांच्यासमोर जाऊन बसली. "तात्या, ते यंत्र बंद झालं न्हवतं. मिळत हुतं. मी खोटं बोलले."

"मला पयल्याच दिशी कळलं," तात्या म्हणाले. "चालू केलं तर वर संस्कृतीचं नाव. तुझ्या आईनं वाचून दावलं."

"मग बोलला का न्हाई?"

"काय बोलायचं? पोरीला गरज हुती."

"उद्याच्या उद्या ते दुसरं मागवते."

"मागव. म्होरल्या आषाढापत्तूर नजर टिकली, तर वाचीन." ते रागानं बोलत नव्हते. रागानं बोलले असते तर तिला सोसलं असतं. "तेजा, तू मला इचारलं असतंस, की तात्या, घरात एकच यायचं हाय, कुणाला घेऊ? तर मी काय म्हणलो असतो? नातीला घे म्हणलो असतो. माझ्या हातनं दिलं असतं. तू ते दिऊ दिलं न्हाईस."

तेजश्रीला रडू येत होतं, पण इथं रडायचा आपल्याला काय अधिकार, असं वाटून ती खाली बघत राहिली.

तात्यांनी शेजारचा टॅब उचलला, सदऱ्याच्या टोकानं काच पुसली आणि तिच्या मांडीवर ठेवला.

"जाताना घेऊन जा. आज्ज्यानं दिलाय म्हणून सांग तिला," ते म्हणाले. "आणि तिला सगळं खरं सांग."