चावी हरवलेलीच बरी

मी चावी बोलतेय. तिजोरीची नव्हे आणि कपाटाचीही नव्हे. त्या बिचाऱ्या कुणाच्या तरी कमरेला लटकतात. मला उभी केलीत तर मी तुमच्या कमरेपर्यंत येते. लोखंडाची सरळ दांडी, डोक्यावर आडवी मूठ आणि पायाशी चौकोनी खाच. जमिनीखालच्या व्हॉल्व्हवर बसवून मला फिरवलं की गावात पाणी सुटतं. कुणाला सुटतं ते मात्र मला विचारू नका.

लोहारानं मला घडवून हातावेगळी केली तेव्हा म्हणाला होता, ''जा बाई, गावाची तहान भागव.'' भाबडा माणूस! पाणी समितीशी त्याचा कधी संबंध आला नव्हता.

समितीत एक अध्यक्ष, त्यांना पाण्यात पाहणारे एक उपाध्यक्ष आणि बाकी माना डोलावणारे सदस्य. मला फिरवायचा पाणीवाला आणि पाणीवाल्याला फिरवायचे अध्यक्ष. ''मेहुण्याला गाड्या धुवायच्यात, खालच्या आळीचं अजून थोडं राहू दे.'' ''हिरवळ सुकायला लागली बघ, सोड जरा.'' खालची आळी कशी न्हाऊन निघालेली असायची! गटारंसुद्धा स्वच्छ पाण्यानं वाहायची.

वरच्या आळीचा व्हॉल्व्ह मात्र मला फारसा भेटायचाच नाही. तिथली माणसं विचारायला आली की अध्यक्ष मनापासून हळहळत. ''अहो, मला काय वाटत नाही का? पण चढ पडला ना मध्ये. पाणीच चढत नाही, त्याला मी तरी काय करणार?'' हे इतक्या वेळा ऐकून वरच्या आळीला पटलंही होतं. त्यांनी कोरड्या नळांना दोऱ्या बांधून कपडे वाळत घातले होते.

त्या आळीत, व्हॉल्व्हच्या खड्ड्यासमोरच शिवणवाली मावशी राहायची. सून गरोदर, तिला चढ झेपत नव्हता, म्हणून साऱ्या घराचं पाणी मावशी एकटी खालून आणायची. मशीनवर बसेपर्यंत हात थरथरू लागायचे आणि टीप वाकडी जायची. गिऱ्हाइकं तोंडावर काही बोलत नसत, दुसऱ्या शिंप्याकडे जात. मशीन बंद पडलं की घर बंद पडणार, हे मावशीला कळत होतं.

अशात 'शाश्वत पाणी, समान वाटप' नावाची स्पर्धा आली. पाहणी करणारे प्रत्येक आळीतला नळ उघडून बघणार होते. अध्यक्षांच्या तोंडचं पाणी पळालं.

''उद्या वरच्या आळीला पाणी चढव,'' त्यांनी पाणीवाल्याला फर्मावलं.

''चढेल, साहेब?'' त्यानं अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं.

''चढव म्हटलं ना!''

मग काय! आम्ही खालचा व्हॉल्व्ह अर्धा आवळला, वरचा पूर्ण उघडला. वरच्या नळांनी आधी खोकून घेतलं, लाल गंज थुंकला आणि पाणी आलं. चढ जागच्या जागी होता. खालच्या आळीतही नळ वाहतच होते, फक्त गाड्या धुण्याइतका जोर राहिला नव्हता.

मावशीनं धारेखाली हात धरला. मला वाटलं, आता ही आनंदानं रडेल. तिच्या कपाळावर आठी चढली. ''म्हणजे चढतं की हे!'' ती म्हणाली.

पाहणीवाल्यांनी फोटो काढले, शाबासकी दिली आणि जेवायला गेले. त्यांची पाठ वळताच अध्यक्ष पाणीवाल्याच्या कानाशी लागले, ''जा, वरचं बंद कर. मेहुण्याचे फोनवर फोन येतायत.''

मला खांद्यावर टाकून पाणीवाला धापा टाकत वर आला. मावशी दारातच होती. ''बस रे घटकाभर. पाणी पी, आमच्याच नळाचं आहे.''

त्यानं मला भिंतीला टेकवलं. गावभर पाणी सोडणाऱ्या या माणसाला वरच्या आळीत आजवर कुणी पाणी विचारलं नव्हतं. विचारणार कुठून?

''चढ कालचाच आहे ना रे?'' मावशीनं विचारलं.

''कालचाच, मावशी.''

''मग?''

तो पेला पुढे करून म्हणाला, ''अजून थोडं द्या.'' त्याचा दुसरा पेला संपेपर्यंत मावशीनं मला उचलून घरात नेलं होतं. त्यानं रिकाम्या भिंतीकडे बघितलं, मावशीकडे बघितलं, तोंड पुसलं आणि खाली जाऊन सांगितलं, ''साहेब, चावी हरवली.''

समितीची तातडीची बैठक बसली. नवी चावी करायची यावर दुमत नव्हतं. ती ठेवायची कुणाकडे, यावर मात्र खुर्च्या सरकल्या. अध्यक्ष म्हणाले माझ्याकडे, उपाध्यक्ष म्हणाले तुमच्याकडे तर नाहीच नाही. विषय पुढच्या बैठकीवर गेला आणि तिथून त्याच्या पुढच्या. व्हॉल्व्ह होते तसेच राहिले. गावात समान वाटप सुरू झालं, आणि ते कुणी केलं नव्हतं!

आणि मी? ज्या बादलीनं मावशी पाणी वाहायची, तिच्यात वाळू भरून तिनं मला उभी रोवली आणि माझ्या मुठीवर शिवलेले कपडे चढवले. गावभर माझा शोध चालला होता आणि मी फ्रॉक घालून दारात उभी! मावशीची टीप सरळ झाली, गिऱ्हाइकं परतली. पाणीवाला एकदा डोकावून गेला. ''स्टँड झकास आहे मावशी,'' म्हणाला, ''हलवू नका.''

मग बक्षीस जाहीर झालं. अध्यक्षांनी समारंभासाठी कोट शिवायला टाकला, मावशीकडेच. समारंभाच्या सकाळी ते कोट न्यायला आले. मावशी आत सुनेकडे होती. त्यांनी घाईघाईनं स्वतःच माझ्या खांद्यावरून कोट ओढला.

मी उघडी पडले. मावशी बाहेर आली आणि जागीच थिजली.

अध्यक्ष माझ्याकडे बघत राहिले. मग नळाच्या धारेकडे, मग हातातल्या कोटाकडे. डोक्यात हिशेब चालला असावा. मला घेऊन गेले, तर उपाध्यक्ष मला मागणार, मेहुणा पाणी मागणार, आणि आज कोट घालून मिरवणार कशासाठी?

त्यांनी मशीनवरचा अर्धवट फ्रॉक उचलला आणि स्वतःच्या हातानं मला घातला.

''असं उघडं ठेवू नका, मावशी. गंज चढतो,'' ते म्हणाले. दारात जरा थांबले. ''स्पर्धा पुढच्या वर्षीही आहे म्हणतात.''

म्हणून, बक्षीस देणाऱ्या सज्जनांनो, आडव्या मुठीनंच हात जोडते. आमच्या अध्यक्षांना दर वर्षी बक्षीस द्या. भाषण करू द्या, फोटो छापा. आतल्या खोलीत आता एक बाळ आहे, त्याला रोज अंघोळ लागते.