शेवटच्या ओळीतली खुंटी

मित्रांनो, मी एक जुना विषयफलक आहे. परवापर्यंत मी एका कॅथलिक शाळेच्या प्रवेशद्वाराशी भिंतीवर ताठ मानेने मिरवत होतो. आज जिन्याखाली आडवा पडलो आहे, आणि उद्या सकाळी भंगाराचा टेम्पो येणार आहे. तेव्हा जे सांगायचे ते आजच सांगून टाकतो.

माझा जन्म याच शाळेच्या सुतारशाळेत झाला. प्रार्थनामंदिराचे जुने बाक बदलायचे ठरले होते, पण त्यांच्या फळ्या चुलीत घालणे सुतारकाम शिकवणाऱ्या ब्रदरांच्या जिवावर आले. हे ब्रदर म्हणजे जाड भिंगांचा चष्मा, कानामागे पेन्सिल आणि झग्याच्या घडीघडीत भुसा. अकरा विद्यार्थ्यांना हाताशी घेऊन त्यांनी त्या फळ्यांना रंधा मारला, सांधे जुळवले आणि मला उभे केले. अकराही जणांनी माझ्या पाठीवर पटाशीने आपापली खूण कोरली. एका लाजाळू मुलाने अगदी कोपऱ्यात छोटासा गुण्या कोरला. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचे सुताराचे हत्यार. ही खूण लक्षात ठेवा, कारण माझी गोष्ट ही बरीचशी त्या मुलाची गोष्ट आहे.

माझे काम सोपे होते. शाळेत कोणते विभाग आहेत आणि कोणत्या विभागात काय शिकता येते, ते मी सांगायचो. सर्वांत वर धर्मशिक्षण, मग भाषा, गणित, विज्ञान, समाजशास्त्र, कला आणि अगदी खाली, शेवटच्या ओळीत, हस्तकौशल्य. सक्तीच्या विषयांच्या पट्ट्या स्क्रूने घट्ट बसवल्या होत्या. धर्मशिक्षण हवे की नको, असे कोणी कोणाला विचारत नसे. ऐच्छिक विषयांच्या पट्ट्या मात्र खाचेत सरकवलेल्या असत आणि प्रत्येक पट्टीखाली एक लाकडी खुंटी असे. सत्र सुरू होण्याआधीच्या आठवड्यात प्रत्येक विद्यार्थी आपला क्रमांक कोरलेला पितळी बिल्ला आपल्या आवडीच्या विषयाखाली अडकवायचा. शुक्रवारी बाराची प्रार्थनेची घंटा झाली की शिपाईकाका बिल्ले मोजायचे. दहा असले तर वर्ग भरणार. नऊ असले तरी पट्टी खाचेतून बाहेर. साध्या कागदावर नावे लिहून का चालत नाही, असे एकदा कोणीतरी ब्रदरांना विचारले होते. "हाताने निवडलं की मनात राहतं," ते म्हणाले, आणि तोच शाळेचा शिरस्ता होऊन बसला.

काय दिवस होते ते. त्या आठवड्यात माझ्यासमोर नुसती झुंबड उडे. एक आई मुलीचा बिल्ला गायनवृंदाच्या खुंटीवरून काढून रसायनशास्त्राच्या खुंटीवर लावायची आणि ती वळली की मुलगी तो परत गायनावर आणायची. एका दिवसात त्या बिल्ल्याने सहा खेपा केल्या. बिशप शाळेच्या भेटीला आले तेव्हा त्यांनी माझ्या चौकटीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "हा तुमच्या शाळेचा चेहरा आहे." लाकूड ओलीने फुगते, मी त्या दिवशी कौतुकाने फुगलो होतो.

मग एकेक पट्टी जाऊ लागली. पहिली गेली लॅटिनची. लॅटिन शिकवणारे फादर फार म्हातारे होते. एका वर्षी त्यांच्या खुंटीवर अकरा बिल्ले लागले आणि ते लहान मुलासारखे खूश झाले. नंतर कळले की त्यातले सात बिल्ले मुलांनी त्यांची कीव येऊन लावले होते. पहिल्याच पंधरवड्यात ती मुले वर्गातून गळाली आणि फादर वर्षभर बहुतेक रिकाम्या बाकांना शिकवत राहिले. पुढच्या वर्षी दोनच बिल्ले होते. फादरांनी आपली पट्टी स्वतः ओढून काढली, रुमालाने पुसली आणि काकांच्या हातात दिली. त्यानंतर खगोलशास्त्र गेले, छपाई गेली, शिवण गेली. माझ्या खाचा रिकाम्या पडल्या आणि त्यांत धूळ साठली.

फादर पट्टी पुसत होते तेव्हा माझ्यासमोर आणखी एक जण उभा होता. तोच कोपऱ्यात गुण्या कोरणारा लाजाळू मुलगा. तो मोठा होऊन ब्रदरांच्या जागी सुतारकाम शिकवायला आला होता. सगळे त्याला सुतारसर म्हणत. सव्वीस वर्षे त्यांनी ती सुतारशाळा सांभाळली. जाता-येता मला टिचकी मारून म्हणायचे, "काय म्हातारबा, कण्हताय का?" इतके जिव्हाळ्याने माझ्याशी दुसरे कोणी बोलले नाही.

आणि मी खरेच कण्हत होतो. माझ्यामागची भिंत पाझरू लागली होती. एका बाजूने ओल, दुसऱ्या बाजूने ऊन, मी वाकलो. शेवटच्या ओळीतली सुतारकामाची खुंटी ढिली होऊन खाली झुकली आणि तिच्याखाली फळी आणि चौकट यांच्या सांध्यात फट पडली. फट कसली, दोन नाणी उभी जातील एवढी चीर. सुतारसरांनी ती पाहिली. कानामागची पेन्सिल काढून त्यांनी फटीशेजारी एक छोटी फुली मारली. दुरुस्त करायच्या जागेवर ते नेहमी अशी फुली मारत. "उद्या भरतो तुला," ते म्हणाले.

तो बिल्ले लावायच्या आठवड्यातला सोमवार होता. त्याच दुपारी मुख्याध्यापिका सिस्टरांनी त्यांना बोलावून घेतले. रविवारी शाळेच्या वर्धापनदिनाची मोठी प्रार्थना होती आणि प्रार्थनामंदिरातल्या गुडघे टेकायच्या फळ्या निखळल्या होत्या. "सर, एवढं तेवढं करून द्याल ना?" सरांना नाही म्हणता येत नसे. मंगळवार ते शुक्रवार ते तिथेच राबत होते. जाताना मला म्हणाले, "आधी देवाचं, मग तुझं."

मित्रांनो, त्या चार दिवसांत काय झाले ते फक्त मला ठाऊक आहे. बुधवारी मधल्या सुट्टीत एक मुलगी आली. तिच्या अंगठ्याला जखमेची पट्टी होती. उन्हाळ्यात सरांकडे स्टूल करायला शिकताना पटाशी लागली होती, आणि ती पट्टी ती पदकासारखी मिरवत होती. तिने आपला बिल्ला शेवटच्या खुंटीवर अडकवला, मागे सरून एकदा पाहिला आणि पळाली. मागून पोरांचा लोंढा आला, कोणाचा तरी खांदा मला लागला आणि बिल्ला झुकलेल्या खुंटीवरून सुळकन निसटून फटीत गेला. आतल्या आत, माझ्या पाठीच्या फळीवर जाऊन पडला. गुरुवारी आणखी दोन तसेच गेले. मी तीन बिल्ले पोटात घेऊन उभा राहिलो. मला हात नाहीत, तोंड नाही. लाकडाने करकरावे तेवढा मी करकरलो. येणारे जाणारे म्हणाले, फलक फारच जुना झाला.

शुक्रवारी घंटा झाली. काकांनी शेवटच्या खुंटीवरचे बिल्ले मोजले, पुन्हा मोजले.

"सात," ते हळूच म्हणाले.

सुतारसर हात पुसत प्रार्थनामंदिरातून आले होते. "सात कसे? मुलांनी तर मला दहा सांगितले होते."

"सांगणं वेगळं आणि बिल्ला लावणं वेगळं, सर," सिस्टर म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या, फार थकलेल्या होत्या. "लॅटिनला मी सवलत दिली नाही, छपाईला दिली नाही. तुम्हाला कशी देऊ?"

गुरुवारची दोन मुले बिल्ला हरवला म्हणून ओरडा बसेल या भीतीने मागेच राहिली, पण ती मुलगी पुढे आली. "सिस्टर, मी बुधवारी लावला होता. खरंच लावला होता."

"मग गेला कुठे?"

"माहीत नाही."

"सरांसाठी वाईट वाटतंय, ते कळतं मला. पण खोटं बोलून त्यांना मदत होत नाही, बाळ."

मुलीने सरांकडे पाहिले. त्यांनी एकदा म्हणायला हवे होते की शोधू या. मी मनात ओरडत होतो, इकडे बघा, तुमच्याच फुलीकडे बघा. पण सरांना समोर दिसत होते ते म्हातारे फादर आणि त्यांचे ते कीव करून लावलेले सात बिल्ले. त्यांचे कान लाल झाले. "राहू दे ग," ते मुलीला म्हणाले. "एवढं करायची गरज नव्हती." मग त्यांनी खाली बसून सुतारकामाची पट्टी स्वतःच्या हाताने खाचेतून ओढली. ती शेवटची होती, तिच्याबरोबर हस्तकौशल्य विभागही संपला. मुलीने अंगठ्याची पट्टी तिथेच सोडून टाकली.

तिला दुसऱ्या कुठल्या तरी वर्गात बसवले. नंतर ती दोन वर्षे माझ्यासमोरून गेली, पण तिने कधी मान वर करून पाहिले नाही. करवती, रंधे, पटाश्या जो मागेल त्याला देऊन टाकल्या आणि सुतारशाळेत खोकी भरली. सर एका मोठ्या दुकानात तयार कपाटांचे स्क्रू पिळायच्या नोकरीला लागले. काका एकदा कोणाला तरी सांगत होते की सर तिथे कोणाशी बोलत नाहीत.

परवा माझ्या जागी मोठा पडदा लावायला दोन कारागीर आले. त्यावर सगळे विषय आपोआप सरकत जातात, मोजणीही आपोआप होते. मला उतरवताना माझी पाठ उचकटली आणि फरशीवर तीन बिल्ले खणखणत पडले. काकांनी ते उचलले आणि सिस्टरांच्या टेबलावर ठेवले. सिस्टरांनी जुनी नोंदवही काढली आणि तिन्ही क्रमांक पाहिले. मग त्या मुलीच्या घरचा नंबर शोधायला घेतला, असे काका मला जिन्याखाली टेकवताना स्वतःशीच पुटपुटले.

आज दुपारी सुतारसर आले. सिस्टरांनीच बोलावले होते. दोघे माझ्याजवळ उभे राहिले. सर फार वाळले आहेत.

"मी त्या मुलीला खोटारडी ठरवलं, सर," सिस्टर म्हणाल्या.

"मीपण तेच समजलो. तुम्ही निदान तोंडाने बोललात."

"तिच्या घरी फोन लावला होता. तो नंबर आता दुसऱ्याच कोणाचा आहे. वडिलांची बदली कुठे झाली, कोणालाच माहीत नाही." मग त्यांनीच विचारले, "आता काय करता येईल?"

"आता काही नाही," सर म्हणाले.

सिस्टर गेल्यावर सर माझ्याशेजारी खाली बसले. त्यांनी मला उलटे करून कोपऱ्यातला गुण्या पाहिला, मग पुन्हा सुलटे केले. तेव्हा त्यांना फटीशेजारची पेन्सिलची फुली दिसली. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला. माझ्या दृष्टीने तो क्षण सगळ्यांत वाईट होता. फटीत बिल्ले जात होते तेव्हाही मला इतके वाईट वाटले नव्हते.

"उद्या म्हणालो होतो ना मी," ते म्हणाले.

त्यांनी पिशवीतून लाकूड चिकटवायच्या सरसाची बाटली काढली. माझ्याच कडेचे लाकूड चाकूने खरवडून त्याचा भुसा केला, सरसात कालवला आणि ती फट भरायला बसले. काम चोख केले. ढिल्या खुंटीला पाचर मारली. बोटाने सगळे सारखे केले आणि जिन्याशी उभ्या असलेल्या काकांना सवयीने म्हणाले, "उद्यापर्यंत हात लावू नका याला. सुकायला हवं."

काकांनी टेम्पोचे काही सांगितले नाही. "बरं, सर," म्हणाले.

मित्रांनो, मला वाचवा असे मी म्हणणार नाही, त्याची वेळ गेली. माझी विनंती एवढीच आहे. कोणी लहान मूल "मी लावला होता" म्हणाले, तर त्याच्या चेहऱ्यावर खोटे शोधण्याआधी एकदा फलकामागे हात घालून बघा. आणि कुठे फुली मारली असेल, तर ती जागा त्याच दिवशी भरा.

माझी फट आता भरली आहे. खुंटीही सरळ झाली आहे, दहा बिल्ले आरामात राहतील. सरस सकाळपर्यंत सुकेल. टेम्पो आठ वाजता येणार आहे.