सासूबाईंच्या नावाचा पाकट
मत्स्यशास्त्राच्या प्राध्यापकांनी रुंद अंगाच्या पाकटाची नवी जात जाहीर केली आणि तिला सासूबाईंचं नाव दिलं. बारीक अंगाचा पाकट सगळ्यांना ठाऊक होता. हा थाळीसारखा पसरट मासा मात्र वेगळाच, अशी त्यांची खात्री होती. चपट्या माशाला आपलं नाव दिलं म्हणून सासूबाई आधी रुसल्या, मग शेजारीपाजारी मिरवू लागल्या.

पुढे प्रयोगशाळेच्या टाकीत एका रुंद मादीला पिल्लं झाली. पिल्लं वाढली, तशी काही रुंद निघाली, काही बारीक. प्राध्यापकांनी कपाळाला हात लावला. जात एकच होती!

रविवारी जेवताना त्यांनी भीतभीत सांगितलं, "आई, तुमचं नाव रद्द करावं लागेल. एकाच आईची पिल्लं अंगाने इतकी वेगळी असतील, असं कुणाला वाटलं असतं?"

सासूबाईंनी समोर पाहिलं. थोरली मुलगी, म्हणजे प्राध्यापकांची बायको, काठीसारखी बारीक होती आणि शेजारी धाकटीने दीड खुर्ची व्यापली होती.

"खरंच हो जावईबापू," त्या म्हणाल्या, "कुणाला वाटलं असतं!"

दोघी बहिणी फिस्सकन हसल्या. प्राध्यापकांनी मात्र लग्नानंतर प्रथमच दोघींकडे नीट निरखून पाहिलं.