दादाच्या माकडहाडावरची पट्टी

आमचा थोरला भाऊ गुंडाप्पा. जन्म मेंढरामागं गेला त्याचा. औंदा वढ्यात पाय घसरला आन् खुब्याचं हाड मोडलं. आपरेशन झालं, पन गडी बाजंवरनं उठंना. उताणा पडून पडून माकडहाडावर जखम झाली. आधी लाल व्हती, मग काळी पडली. उमरग्याच्या डॉक्टरनं काळं मास काढलं, तर खाली लिंबायेवढा खड्डा.

दवाखान्यातली सृष्टी सिस्टर घरी आली. मिठाच्या पान्यानं जखम धुतली, वर जाड मऊ फोमची पट्टी डकवली. आमच्या वैनीला, धुरपताबाईला, म्हनली, "आजी, पट्टी आपोआप सुटली न्हायतर पार भिजली तरच काढायची. आन् आजोबांना सारखं कुशीवर करत राहा. खड्डा हाडाला लागला तर सोलापूरला न्यावं लागंल, परत आपरेशन."

"आता टेबलावर झोपत नसतो म्या," दादा म्हनला. "हितंच मरीन."

वैनीनं मान हालवली. पन मेंढराची जखम ती एकाच रीतीनं बरी करत आलेली. लोकर कातरायची, हळद भरायची, ऊन द्यायचं. वाळली की बरी. म्हनून रोज सकाळी पट्टी सोलायची, दादाची पाठ उन्हाकडं करायची, हळद दाबायची. ऊन सरलं की तीच पट्टी परत, आन् दादा दिवसभर उताणा.

पुढच्या खेपंला सिस्टरनं बघितलं. जखम कोरडी ठाक, कडा भेगाळलेल्या, खड्डा रुंद.

"हळद कुणी भरली?"

"मी. आमची मेंढरं ह्यानंच बरी व्हत्यात."

"आजी, नवं कातडं वल्या जागंवरनं सरकतं. तुमी ते वाळवताय, आन् रोज पट्टीसंगं सोलून काढताय."

"आवो, झाकली की खाली पिवळं पानी साठतंय. तसंच झाकून ठिवू?"

"ते पानी पट्टी पिती. घाण वास सुटला, भोवती लाल झालं, ताप आला, तर फोन करा. न्हायतर हात लावू नका." आता जखम कोरडी म्हनून तिनं आधी वलावा धरनारं जेल लावलं, वर दुसरी पट्टी. "वली व्हायला लागली की परत फोम," म्हनली.

ती गेल्यावर मी इचारलं, "वैनी, बसकन मारलेल्या मेंढीची कूस बदलता का न्हाय?"

"बदलते की. न्हायतर एका अंगानं सडती."

"मग दादाची का न्हाय?"

"मेंढी शिव्या देत न्हाय."

खरं व्हतं. खुबा दुखायचा, हात लावला की दादा तिच्या म्हायेराचा उद्धार करायचा. त्या दिवसापास्नं आमी दोघं मिळून त्याला कुशीवर लोटायलो. दादा शिव्या द्यायचा, वैनी पाठीमागं उशी कोंबायची. उन्हाचं आन् हळदीचं नाव काढलं न्हाय तिनं. पट्टीकडं बघून नुसती चुळबुळ करायची.

सिस्टर अधनंमधनं येऊन पट्टी बदलत व्हती. म्हैना-दीड म्हैन्यानं तिनं पट्टी काढली. खाली लालबुंद मास भरून आलेलं, कडंनं गुलाबी कातडं धरलेलं.

"सोलापूर?" दादानं भिंतीकडं तोंड करूनच इचारलं.

"गरज न्हाय आता."

"मग जरा उताणा पडू द्या मला."

वैनीनं उशी आनखी आत सरकवली.