एका विहिरीवर दोनशे चौदा हरकती

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. गावात कोणी विचारलं तर मी कबूल करत नाही, पण इथे लिहायला हरकत नाही.

धानोरखेडच्या नगरपंचायतीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. पाटीवर माझ्या बायकोचं नाव आहे, 'यास्मीन झेरॉक्स'. काम मात्र मी करतो, मी म्हणजे मेहबूब. सातबारा, आधार, पीकविम्याचे अर्ज, पोरींच्या नोकरीचे बायोडाटा, सगळं माझ्याच हातून जातं. गावात लिहिणारे बरेच आहेत. वाचणारा मला अजून भेटायचा आहे.

आमची ग्रामपंचायत होती तेव्हा रस्ता जिथे जायचा तिथे जायचा. नगरपंचायत झाली आणि गावाला विकास आराखडा लागू झाला. त्याचा रंगीत नकाशा कार्यालयात जिन्याखाली लावला. शेजारी नोटीस होती, की तीस दिवसांत हरकती व सूचना द्याव्यात. जिन्याखाली सगळे मोटारसायकली उभ्या करतात, त्यामुळे सत्तावीस दिवस नकाशासमोर फक्त हँडलं होती.

अठ्ठाविसाव्या दिवशी गोजराबाई दुकानात आली. सत्तरीची बाई, आवाज मात्र विशीतला. नकाशात बस स्टँडपासून केनवडच्या रस्त्याला मिळणारा अठरा मीटरचा नवा रोड दाखवला होता, आणि तो गट नंबर सत्त्याऐंशीमधून सरळ जात होता. त्या गटात तिची विहीर आहे.

"मेहबूब, लिही," ती म्हणाली. "माह्या इहिरीवर रोड टाकून राह्यले. इहीर बुजवाले निंघाले मेले. मेले पन लिही."

"काकू, मेले नाही लिहिता येत."

"मंग काय लिहिता येते तुले?"

ती विहीर कशी झाली ते साऱ्या गावाला ठाऊक आहे. तिचा नवरा जानराव याने ती स्वतः खोदली. पाणी बघणाऱ्याने सांगितलं होतं की इथे थेंब लागणार नाही. जानरावने ऐकलं नाही. तो खाली खणायचा आणि गोजराबाई दोरावर मातीच्या टोपल्या ओढायची, असं चार वर्षं चाललं. गावाने त्या जागेला 'जानरावचा खड्डा' असं नाव दिलं. लोक संध्याकाळी तिकडे फिरायला जायचे, काठावरून खाली वाकून विचारायचे, "काय जानराव, पाताळ लागलं काय?" माझे वडीलही विचारायला जायचे. चौथ्या उन्हाळ्यात अठ्ठेचाळीस फुटांवर पाणी लागलं, गोड आणि भरपूर. मग तेच लोक बादल्या घेऊन आले. जानराव भला माणूस, त्याने कोणालाही परत पाठवलं नाही. तो वारला आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी गोजराबाईने विहिरीवर लोखंडी जाळी बसवून कुलूप ठोकलं. त्याला एकोणीस वर्षं झाली. मे महिन्यात गावात टँकर येतो, पण ते कुलूप निघत नाही.

मी तिचा अर्ज लिहिला, आणि चांगला लिहिला. "गट नंबर ८७ मधील विहीर माझ्या मालकीची असून ती माझे पती कै. जानराव यांनी स्वतःच्या हाताने चार वर्षे खोदलेली आहे. नियोजित रस्त्यामुळे सदर विहीर बुजणार आहे. माझी सक्त हरकत आहे." तिने दोनदा वाचून घेतला, अंगठा नको म्हणाली, वळणदार सही केली आणि समोर जाऊन शिक्का मारून आली.

शेवटच्या दोन दिवसांत गावात कुणीतरी उठवलं की ज्याने अर्ज दिला नाही त्याच्या घरावरून रोड जाणार. कुणी उठवलं माहीत नाही. दुकानासमोर रांग लागली, ती पार बँकेपर्यंत गेली. पहिला आला बबनराव, किराणावाला.

"कशाची हरकत आहे, बबनराव?"

"गोजराबाईले देल्ला तसाच दे."

"पण तुमची हरकत काय?"

"अरे बावा, तिची चालते तं माही नाही चालत काय? तसाच दे."

आमच्या गावात ही जुनी रीत आहे. एकाचा अर्ज मंजूर झाला की दुसऱ्याला हुबेहूब तोच पाहिजे. शब्द बदलला तर साहेब अडवतो, अशी सगळ्यांची पक्की समजूत. मी गोजराबाईचं नाव काढलं, तिथे टिंब टिंब घातले आणि छापत सुटलो. लोक टिंबांवर नाव लिहीत, खाली सही करीत आणि समोर देऊन येत. बाकीचा मजकूर मीही पुन्हा वाचला नाही. मशीन तापलं होतं, मीही तापलो होतो.

त्याच गर्दीत नगरसेवक इंद्रभान आला. केनवडच्या बाजूला त्याने प्लॉट पाडले आहेत, हा रोड झाला की ते रोडटच, म्हणजे थेट रस्त्याला लागून, होतात आणि भाव चढतो. त्याला सूचना द्यायची होती की रोड लवकर करावा. तो फोनवर बोलत बोलतच आला, काउंटरवरचा एक कागद उचलला, सही केली आणि बोलत बोलतच समोर गेला.

पंधरा दिवसांनी सभागृहात सुनावणी झाली. नगररचना खात्याच्या एक मॅडम आल्या होत्या. चष्मा, पाण्याची बाटली आणि समोर आमच्या अर्जांचा गठ्ठा. त्या मोठ्याने बोलत नव्हत्या, त्यामुळे सगळे गप्प बसून ऐकत होते.

"एकूण दोनशे चौदा हरकती आल्या आहेत," त्या म्हणाल्या. "सर्वांचा मजकूर एकच आहे. दोनशे चौदा अर्जदार म्हणतात की गट नंबर सत्त्याऐंशीमधली विहीर त्यांच्या मालकीची आहे."

मी मागच्या खुर्चीवर होतो. तिथेच आणखी खाली सरकलो.

"यात अडतीस महिला आणि एकशे शहात्तर पुरुष आहेत. सर्वांच्या पतीचं नाव कै. जानराव आहे."

सभागृहात कोणी हसलं नाही. हसणाऱ्याचाही अर्ज त्याच गठ्ठ्यात होता.

मॅडम घोटभर पाणी प्यायल्या आणि पुढे सांगू लागल्या. विहीर खाजगी असेल तर या सगळ्यांची मिळून एकच हरकत धरली जाईल, मोबदला ठरेल आणि रस्ता सरळ जाईल. विहीर गावाच्या वापरातली, सार्वजनिक असेल, तर ती वाचवून रस्ता वळवण्याची शिफारस करता येईल.

इंद्रभान ताडकन उठला. "म्याडम, खाजगीच हाय ते. कुलूप हाय तिले. एकोनीस वर्साईपासून कोनाले थेंब नाही देल्ला बाईनं."

मॅडमनी त्याचं नाव विचारून गठ्ठा चाळला. त्यांना वेळ लागला, पण त्या थांबल्या नाहीत. शेवटी एक कागद वर काढला. "ही सही आपली का?"

इंद्रभान जवळ गेला, कागद वाचला. माझ्या माहितीत त्याने पूर्ण वाचलेला तो पहिला कागद. 

"सही माहीच हाय," तो म्हणाला.

"मग जानराव आपले पती होते का?"

"नाही."

"म्हणजे आपण शासनाला खोटी माहिती दिली. तसं लिहून देता?"

इंद्रभान खाली बसला. त्यानंतर तो फोनकडे बघत राहिला, पण फोन आला नाही.

मॅडम गोजराबाईकडे वळल्या. "आजी, जागा तुमच्या नावावर आहे. तुम्हीच सांगा. हे लोक खोटं बोलतात का?"

मी वाकत वाकत गोजराबाईच्या खुर्चीमागे गेलो. एवढा घोळ घातल्यावर एवढं तरी करायलाच पाहिजे होतं.

"काकू, खाजगी म्हटलं की विहीर बुजते. सार्वजनिक म्हटलं की रोड वळतो, पण मग कुलूप लावता येणार नाही. कोणीही येईल पाण्याला. कायमचं."

"कोनीबी?"

"कोणीही."

"हा इंद्रभानबी?"

"तोही."

तिने मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं. एकेकाकडे पाहत होती. जे काठावर वाकून पाताळ विचारायचे, त्यातले निम्मे आता नाहीत, त्यांची पोरं-सुना बसली होती. मला वाटलं ही बाई आता खाजगी म्हणते आणि एकोणीस वर्षांचा राग एका दमात फेडते. मी तिच्या जागी असतो तर तेच केलं असतं.

"म्याडम," ती उभी राहून म्हणाली, "इहीर याईचीच हाय. कुलूप मी लावलं. गुस्सा होता म्हनून लावलं. माह्या धन्यानं कोनाले नाही म्हनलं नव्हतं."

मॅडमनी लिहून घेतलं. "तीन वाजता मी स्थळपाहणीला येते. वापर दिसला पाहिजे."

त्या जेवायला गेल्या तेव्हा एक वाजला होता. दोन तासांत गावाला एकोणीस वर्षांचा वापर दाखवायचा होता. अर्ध्या गावात घरी बोअर आहे, लोकांकडे दोर उरले नव्हते. कोणी बैलाचा कासरा आणला, कोणी मोटारसायकलला बांधायची प्लास्टिकची दोरी. मी दुकानातून मशीनचं तेल आणलं, कारण कुलूप गंजून दगड झालं होतं. किल्ली गोजराबाईच्या कमरेच्या पिशवीतच होती. तिने ती इतकी वर्षं रोज जवळ बाळगली होती, हे मला तेव्हा कळलं. जाळी उचलली, पण कोणी पुढे होईना. सगळे बादल्या घेऊन उभे.

"काहून, लाजता काय?" गोजराबाई खेकसली. "अर्जात तं मालक झाले होते!"

तीन वाजता मॅडम आल्या तेव्हा विहिरीवर जत्रा होती. बबनराव दोर ओढत होता, त्याच्यामागे नगरसेवक इंद्रभान दोन बादल्या घेऊन उभा होता. त्याने पहिली बादली सोडली तर ती नुसती पाण्यावर तरंगत राहिली. "बुडव, झटका दे," सगळे ओरडले. मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं आणि काही लिहिलं नाही.

मग त्यांनी समोरच्या भागिरथाबाईला विचारलं. भागिरथा गोजराबाईची शेजारीण, आणि दोघींत त्या कुलपापासून अबोला. "आजी, तुम्ही इथलं पाणी पिता?"

भागिरथाला खोटं बोलता येत नाही, ही अख्ख्या आळीची अडचण आहे. मग तिने बादलीत ओंजळ घातली, प्यायली, तोंड पुसलं.

"कसं आहे?" मॅडमनी विचारलं.

"पयले होतं तसंच हाय," भागिरथा म्हणाली आणि रडायला लागली.

मॅडमनी तेवढंच लिहून घेतलं, 'पाणी पूर्वीप्रमाणेच आहे', आणि गाडीत बसल्या. लोक भरलेल्या बादल्या घेऊन तिथेच उभे राहिले. पाणी घरी न्यायचं की परत ओतायचं, हे कोणी ठरवलं नव्हतं.

"न्या ना आता," गोजराबाई म्हणाली. "का परत टाकता?"

अडीच महिन्यांनी निर्णय आला. विहीर सार्वजनिक नोंदली गेली आणि रस्ता तीस मीटर वळला. वळण इंद्रभानच्या प्लॉटांच्या कडेला थोडं आत घुसतं. त्याने हरकत घ्यायचं ठरवलं होतं, पण मुदत संपली होती.

त्या आठवड्यात गोजराबाई पुन्हा दुकानात आली. मला वाटलं, विहीर हातची गेली म्हणून भांडायला आली. मी आधीच खुर्ची दिली.

"त्या दोनशे चौदा कागदाईची नक्कल भेटते काय मले?"

"सगळ्यांची? कशाला, काकू?"

"अर्ज लिही."

मी नकलेसाठी अर्ज लिहिला. दहा दिवसांनी गठ्ठा आला. ती दुकानात बसली आणि म्हणाली, "वाच."

"सगळ्यात एकच आहे, काकू."

"नाव वाच, मंग खालचं वाच. सगळ्याईचं."

म्हणून मी वाचायला लागलो. बबनराव, 'विहीर माझे पती कै. जानराव यांनी स्वतःच्या हाताने चार वर्षे खोदलेली आहे.' खाली सही. मग दुसरा, मग तिसरा. सुरुवातीला मला हसू येत होतं. दहाव्या कागदानंतर यायचं थांबलं. प्रत्येक नावाला ती मान हलवायची. "याचा बाप खड्डा म्हने," एवढंच मधे बोलायची, आणि पुढचा वाच म्हणायची. साठाव्या का सत्तराव्या कागदावर माझाच अर्ज निघाला. त्या गर्दीत मीही एक भरून दिला होता, मला आठवतही नव्हतं. मी ते वाक्य वाचलं, माझ्या सहीसकट. माझे वडीलही त्या काठावर वाकत होते.

गोजराबाईने पदर डोळ्याला लावला. दोनशे चौदावा होईपर्यंत तिने तो खाली घेतला नाही.

शेवटी तिने गठ्ठ्यातून इंद्रभानचा तेवढा कागद काढून घेतला, "उद्या पलटला तं दाखवाले," म्हणत घडी करून किल्लीच्या पिशवीत ठेवला. किल्ली काढून माझ्या काउंटरवर ठेवली.

"हे आता तुह्याजवळ राहू दे. अन् सगळ्याईले सांगून दे," ती पायऱ्या उतरताना म्हणाली, "पानी पाह्यजे तेवढं न्या. दोर आपआपला आना."