दोन डाव्या बाह्या

"अहो, दोन्ही डाव्याच आहेत," बायको म्हणाली.

मास्तरांनी कापलेल्या बाह्या टेबलावर उलटसुलट करून पाहिल्या. शर्टाचं कापड दुहेरी घालतात, म्हणजे एकाच कापात डावी-उजवी जोडी निघते. मास्तरांनी ते एकेरी पसरलं, नमुना त्याच बाजूनं दोनदा ठेवला आणि कात्री चालवली. नवशिका करतो ती चूक.

"उजेड कमी आहे," मास्तर म्हणाले. टेबलावर भर दुपारचं ऊन पडलं होतं.

"नशीब, शर्ट तुमचाच आहे. गिऱ्हाईकाला दोन डावे हात कुठून आणायला सांगितले असते?"

एरवी या थट्टेवर मास्तर खेकसले असते. आज ते नुसते कात्रीकडे बघत राहिले, आणि बायकोनं त्या बाह्या घडी करून बाजूला ठेवल्या.

दुकानात काजं, बटणं, तुरपाई, इस्त्री, सगळं बायकोकडे. कात्री मात्र मास्तरांची, तिला कुणी हात लावायचा नाही. बायकोचं काम ते हातात घेत, बोट फिरवत आणि म्हणत, "उसव." काहीच बोलले नाहीत तर काम पसंत पडलं, असं समजायचं. उभ्या संसारात कौतुकाचा शब्द म्हणून त्यांच्या तोंडून निघाला नव्हता.

मग सगळं भराभर बिघडत गेलं. मास्तर घरची वाट चुकले. पायरीवर तोल गेला. बसल्या बसल्या हात आपोआप उडू लागला. एका डॉक्टरांनी काळजीचं दुखणं म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्यांनी वयावर ढकललं. शेवटी लेकीनं कुणाचं काही न ऐकता त्यांना मोठ्या हॉस्पिटलात नेलं.

तिथल्या मेंदूच्या डॉक्टरबाईंनी आधी हातात पेन देऊन घड्याळ काढायला सांगितलं. मास्तरांनी सगळे आकडे एकाच बाजूला कोंबले. मग मेंदूचे फोटो झाले, डोक्याला वायरी चिकटवून लहरी पाहिल्या, पाठीतून पाणी काढलं.

"इतक्या तपासण्या कशाला?" बायकोनं विचारलं.

"असेच दिसणारे काही आजार बरे होतात, काकू. कधी शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटते. तसं असेल तर औषधानं माणूस उठून बसतो. ती शक्यता आधी बघू."

बायकोनं तेवढंच मनात धरलं. नवऱ्याला अमुकच आजार असू दे, म्हणून देवाला साकडं घालणारी ती पहिलीच असेल. त्या आजाराची इंजेक्शनं देऊन झाली. काडीचाही फरक पडला नाही.

पाण्याचा रिपोर्ट आला, तेव्हा डॉक्टरबाईंनी मायलेकींना आत बोलावून दार लावून घेतलं.

"याला प्रायॉनचा आजार म्हणतात. मेंदूतल्या एका प्रोटीनचा आकार बिघडतो आणि ते शेजारच्या चांगल्या प्रोटीनलाही बिघडवतं. त्यांच्या पाठीतलं पाणी आम्ही चांगल्या प्रोटीनमध्ये मिसळून पाहिलं. तेही बिघडलं."

"नमुनाच चुकला म्हणायचा," बायको हळूच म्हणाली. "मग पुढचं सगळं तसंच कापलं जाणार. माझ्या हातून काही झालं का हो? खाण्यापिण्यातून?"

"नाही. बहुतेकांना तो आपोआप होतो. क्वचित घराण्यातून येतो, ते रक्तावरून पाहता येईल. जवळ बसून, हात धरून तो लागत नाही. खुशाल धरा हात."

"औषध?"

"आजारावर नाही. हातपाय उडतात ते कमी करू. वेळ थोडा आहे, काकू. आणि पक्की खात्री मेंदू तपासल्यावरच होते. ते गेल्यानंतर. तुमची परवानगी असेल तरच."

"आई, नको," लेक म्हणाली. "आता पुरे."

बायकोनं लेकीचा हात हातात घेतला. "बघू दे त्यांना. मापाशिवाय अंदाजानं काही सांगितलेलं तुझ्या बाबांना कधी चाललं नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं दुकान उघडलं. उरलेलं कापड पसरलं, नमुना उलटा ठेवला आणि मास्तरांची कात्री उचलली. कात्री जड होती, मुठीत बसेना. उजवी बाही कापून तिनं शर्ट पुरा केला. खांद्याशी एक चुणी पडली होती. उसवायला सुई घेतली आणि पुन्हा ठेवून दिली. या चुणीवर ते नक्की ओरडतील, असं तिला वाटलं. तिला ते ओरडायला हवे होते.

हॉस्पिटलात लेकीनं आणि तिनं मिळून तो शर्ट त्यांच्या अंगात चढवला. मास्तर आता बायकोला नावानं ओळखत नव्हते. पण त्यांचा डावा हात सवयीनं उजव्या बाहीवर गेला. बोट शिवणीवरून वर सरकत खांद्यापाशी आलं, चुणीवर थांबलं. "उसव" ऐकायला बायको पुढे झुकली.

बोट पुढे गेलं.

"छान झालंय," मास्तर म्हणाले.

लेकीला हसू फुटलं. "ऐकलंस का, आई?"

बायकोनं तोंड फिरवलं. डोळे पुसून ती पुन्हा त्यांच्याकडे वळली आणि उडणारा हात आपल्या हातात धरला.

"उसवते हं मी," ती म्हणाली, आणि त्यांच्या बाहीचं बटण लावलं.