आईच्या नावाची दीर्घिका

वहिनीच्या धाकट्या नणंदेचं दुसरं लग्न झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. त्या लग्नात नवरीपेक्षा जास्त फोटो भाऊजींचे निघाले. विश्वातली सगळ्यात जुनी दीर्घिका सापडल्याचं त्यांनी आदल्याच आठवड्यात जाहीर केलं होतं. पाहुण्यांच्या घोळक्यात ते विश्वाचा जन्म असा रंगवून सांगत होते, जणू त्या वेळी हे तिथे खुर्ची टाकून बसले होते.

वहिनी लांबून बघत होती. ती आणि तिचा हा दीर एकाच संस्थेत, एकाच मजल्यावर कामाला. अवकाशातली मोठी दुर्बीण डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टिपते. दीर्घिका जितकी जुनी, तितका तिचा प्रकाश वाटेत ताणला जाऊन तांबड्याच्याही पलीकडे सरकतो. पण फोटोत तसा ठिपका दिसला म्हणून तो जुनाच असेल असं नाही. अलीकडची, धुळीनं माखलेली दीर्घिकाही तशीच दिसते. खरं काय ते प्रकाश फोडून वर्णपट काढल्यावरच कळतं. हे पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतात. शिकवायचे भाऊजीच.

"आधी वर्णपट येऊ द्या की," असं तिनं सुरुवातीलाच सांगितलं होतं.

"तोवर दुसरा कोणी नाव लावून मोकळा होईल, वहिनी. तुम्ही बसा वाट बघत."

नाव त्यांनी लावलं, तेही आईचं. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांच्या समोरच्या भिंतीवर भाऊजींनी तांबड्या ठिपक्याची तसबीर ठोकली, टीव्हीवाल्यांना बोलावलं आणि आईच्या उशाशी बसून डोळे पुसले. एरवी त्या खोलीत त्यांचं पाऊल पडत नसे. औषधं, अंग पुसणं, कूस बदलणं हे वहिनी आणि तिचा नवरा बघायचे.

पुढे दुर्बिणीवरचा वेळ वहिनीच्या गटाला मिळाला आणि वर्णपट आला. विश्व पंचवीस कोटी वर्षांचं असतानाची म्हणून गाजवलेली दीर्घिका सव्वाशे कोटींच्या वेळची ठरली. पणजी म्हणून मिरवलेली बाई नात निघाली.

तिनं कागद भाऊजींच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो पाहिला आणि उठून दार लावलं.

"आणखी कोणी बघितलंय?"

"आमच्या सगळ्या गटानं. सोमवारी शोधनिबंध पाठवतेय."

"आईचा तरी विचार करा. तिला काय वाटेल?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "डॉक्टर काय म्हणतात? किती दिवस काढेल ती? तेवढं थांबा ना."

वहिनीला शिसारी आली. आईच्या मरणापर्यंतची मुदत मागताना या माणसाची मान जरासुद्धा खाली गेली नव्हती. तरी त्यानं नेमका तिचा दुखरा भाग दाबला होता. सासूबाईंचं मन मोडायला ती दगड नव्हती.

घरी येऊन ती पलंगाच्या कडेला बसली.

"आई, ती तसबीर आहे ना..."

"चुकलंय ना त्याचं?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? शाळेत होता तेव्हा निकालाआधीच पहिला आलो म्हणून गल्लीभर सांगत फिरायचा. आलेला असायचा सातवा." त्यांनी जरा दम घेतला. "तू पाठव तुझं. माझ्या नावावर खोटं नको. आणि ते काढ तिथून. भिंतीला ओल आल्यासारखं दिसतंय."

"भाऊजी रागावतील."

"रागावू दे. तेवढंच खरं काहीतरी करेल."

सोमवारी निबंध गेला. दुसऱ्या दिवशी भाऊजींनी पत्रकारांना सांगितलं, की दीर्घिका अलीकडची असल्याची शंका त्यांना पहिल्यापासूनच होती. त्यानंतर ते घराकडे फिरकले नाहीत. आईची विचारपूस फोनवर करायचे, तीही मोठ्या भावाकडे.

सासूबाई त्याच वर्षी डिसेंबरच्या एकोणीस तारखेला दुपारी गेल्या.